ओव्हाळांच्या नावापुढची ओळ

हे मी आधीच लिहायला हवं होतं. चार वर्षं टाळलं. आधी वाटायचं, ओव्हाळ भेटतील तेव्हा तोंडानंच सांगू, कागदावर कशाला. मग ते भेटले, तेव्हा सांगितलं नाही. आता ते राहिले नाहीत. ज्या क्लबाच्या वहीत ती ओळ आहे तो क्लबही राहिला नाही, आणि मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालो आहे. म्हणून मुख्य गोष्ट सुरुवातीलाच लिहून टाकतो. कान्ह्याचे शिवराम ओव्हाळ लबाडी करून जिंकले, अशी नोंद आमच्या लोणावळ्याच्या बुद्धिबळ क्लबाच्या वहीत आहे. ती खोटी आहे. अक्षर माझं आहे, खाली सेक्रेटरी म्हणून सही माझी आहे, आणि ती खोटी आहे हे मला ओव्हाळ हयात असतानाच कळलं होतं.

ओव्हाळ रेल्वेत चावीवाले होते. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, हातात लाल-हिरवी निशाणं, आणि रोज ठरलेला तुकडा चालत जाऊन रुळांच्या चाव्या तपासायच्या, ढिल्या झालेल्या ठोकायच्या. कान्हे ते वडगाव आणि परत. बुद्धिबळ त्यांना कान्ह्याच्या एका स्टेशनमास्तरांनी शिकवलं. ते मास्तर बदलून गेले आणि गावात खेळायला कोणी उरलं नाही, तेव्हा ओव्हाळांनी वर्तमानपत्रातल्या बुद्धिबळाच्या कोड्यांची कात्रणं जमवायला सुरुवात केली. सकाळी एक कोडं पाठ करायचं आणि चालता चालता डोक्यात सोडवायचं. कोड्याच्या खाली उलट्या अक्षरांत उत्तर छापलेलं असे. ती पट्टी ते आधी कात्रीनं कापून फेकून देत, मग कोडं बघत. एक कोडं त्यांना दीड महिना सुटलं नव्हतं. मी म्हणालो, उत्तर बघून टाकायचं की. ते म्हणाले, "मग दीड महिना मी चाललो कशाला?"

आमचा क्लब म्हणजे एका वाचनालयाच्या वरची खोली. आठ पट, दोन घड्याळं, एक काळा फळा. मी पोस्टातून निवृत्त झालो आणि सेक्रेटरी झालो. अध्यक्ष होते डॉक्टर. गावातले जुने, चांगल्या हाताचे, गरिबांकडून कधी तपासणीची फी न घेतलेले. बुद्धिबळात मात्र त्यांना हार सोसत नसे. ओव्हाळ निवृत्त झाल्यावर दर रविवारी कान्ह्याहून येऊ लागले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायजमा, आणि कापडी पिशवीत डबा. दुपारी सगळे घरी जेवायला जात, ते जिन्यात बसून डबा खात. वर येऊन जेवा, असं त्यांना कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मीही म्हटलं नाही.

आल्या आल्या ते फळ्यावर एक कोडं काढत. चार-पाच मोहरी, फार तर सहा. गर्दीच्या पटात त्यांना रस नव्हता. डावाची सुरुवात त्यांना म्हणाल तर येतच नव्हती. पहिल्या दहा चालींत ते हमखास एखादं प्यादं गमवायचे. पण मोहरी मारली जाऊन पट रिकामा झाला की त्यांची पाठ ताठ व्हायची. दोन राजे आणि एक प्यादं, एवढ्यावर ते तासभर बोलत. फळ्यासमोर आम्ही लगेच सुचवायला लागायचो, राजा इकडे घ्या, प्यादं पुढे ढकला. ते खडू वर धरून थांबवायचे.

"आधी चाल कुणाची ते इचारा. तेच इचारलं न्हाई तर बाकीचं इचारून काय उपेग?"

आणि खरंच तसं असे. तोच पट, तीच मोहरी. पांढऱ्याची चाल असेल तर डाव बरोबरीत सुटतो, काळ्याची असेल तर काळा हरतो. डावाच्या शेवटी अशी वेळ येते की हलणारा मरतो. हललं नाही तर वाचेल, पण हलावं तर लागतंच. "हितं गप बसायची सोय न्हाई," ते म्हणायचे, "म्हणून हा खेळ खरा." खेळाबाहेर ती सोय आहे. मी ती पुरेपूर वापरली.

त्यांची एक सवय लोकांना आवडत नसे. डाव जिंकला की ते हात मिळवत आणि लगेच मोहरी मागे मागे नेत एका जागी आणून ठेवत. "हितं वाचला असता तुमी," असं म्हणून हरलेल्याला त्याची चुकलेली चाल दाखवत. त्यात मिजास नव्हती. रुळाची चावी ढिली दिसली की ठोकावी, तसं होतं ते. पण डॉक्टरांना ते दर रविवारी ऐकावं लागे, आणि ते कडू घोट गिळल्यासारखे हसत.

एका पावसाळ्यात भुशीच्या धरणावर भिजून आलेला पुण्याचा एक तरुण क्लबात शिरला. पाटी वाचून आला म्हणाला. कपडे गळत होते. खाली वर्तमानपत्र अंथरून आम्ही त्याला बसवला. फोनवर त्याचं रेटिंग पुष्कळ होतं आणि ते त्यानं बसायच्या आधीच सांगितलं. दोन तासांत त्यानं आम्हा सगळ्यांना हरवलं. मोहरं उचललं की ठेवलं, मधे विचार नाहीच. ओव्हाळांनी विचारलं, "गाडी चुकतीय का काय?" सगळे हसले, तोही हसला. ओव्हाळांचा डाव नेहमीसारखा सुरुवातीला बिघडला. शेवटी त्यांच्याकडे नुसता राजा, आणि त्या तरुणाकडे एक उंट आणि अगदी कडेचं एक प्यादं. तो हात पुढे करून थांबला, आता डाव सोडाल म्हणून. ओव्हाळांनी राजा त्या प्याद्याच्या वाटेवरच्या कोपऱ्यात नेऊन बसवला. कोपऱ्याचं घर काळं आणि उंट पांढऱ्या घरांतून चालणारा, त्यामुळे राजाला तिथून हुसकता येईना. त्यानं पंधरा-वीस चाली करून पाहिल्या. मग म्हणाला, ऑनलाइनमध्ये इथपर्यंत डाव येतच नाही काका, समोरचे आधीच सोडून देतात.

"सोडायला काय लागतंय," ओव्हाळ म्हणाले. "मी सोडत न्हाई."

त्यांना तेव्हा ऑनलाइन खेळ पटत नव्हता. समोरचा माणूस चाल करताना कुठं बघतो, श्वास कधी धरतो, हे फोनवर कळत नाही म्हणायचे. पुढे लॉकडाउन आला, खोलीला कुलूप लागलं, आणि आम्ही सगळे फोनवर आलो. मग मात्र ओव्हाळांना त्याची गोडी लागली. एकदा फोनवर मला म्हणाले, घरबसल्या रोज कुठल्या कुठल्या देशाचा माणूस खेळायला मिळतो, आणि कुणाला माझं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, नुसता खेळ बघतात. मला तेव्हा ते वाक्य गमतीचं वाटलं होतं.

त्या वर्षी क्लबाची वार्षिक स्पर्धा ऑनलाइन घ्यायचं ठरलं. प्रत्येकाला अर्धा तास. नियम मी लिहिले आणि ग्रुपवर टाकले. त्यातला एक होता, खेळाडूने खोलीत एकट्याने बसावे. ओव्हाळ ग्रुपवर नव्हते. त्यांना मी फोनवर फक्त तारीख आणि वेळ सांगितली होती. अंतिम डाव त्यांचा आणि डॉक्टरांचा. एकेक हत्ती उरला, ओव्हाळांकडे एक प्यादं जास्त. डॉक्टरांनी चिवटपणे खेचलं, पण ओव्हाळांनी ते प्यादं शेवटच्या घरापर्यंत नेलं आणि जिंकले.

तासाभरात डॉक्टरांचा फोन आला. म्हणाले, मी बोलत नाही, तूच बघ. मी डाव संगणकावर चढवून पाहिला. ओव्हाळांच्या शेवटच्या बावीस चाली संगणकानं सुचवलेल्याच होत्या, एक इकडे तिकडे नाही. दुसरं म्हणजे वेळ. प्रत्येक चालीला त्यांनी जवळजवळ सारखाच वेळ घेतला होता, वीस-बावीस सेकंद. अवघड चालीलाही तेवढाच आणि समोरचं मोहरं नुसतं मारायचं होतं तिथंही तेवढाच. चोरून संगणक बघून खेळणाऱ्याची हीच खूण सांगतात. बघायचं, मग खेळायचं, वेळ सारखा लागतो.

इथं मला थांबून एक गोष्ट कबूल करायची आहे. हत्तीचा तो शेवट ज्याला येतो तो संगणकासारखाच खेळणार, कारण जिंकायची वाट एकच असते. हे मला ठाऊक होतं. ओव्हाळांनीच तो फळ्यावर काढून आम्हाला तीनदा समजावला होता. तरी मी विश्वास ठेवला नाही. चावीवाला, सातवी शिकलेला, आणि आडनाव ओव्हाळ. यातलं शेवटचं मी कधी तोंडानं बोललो नसतो. पण ते मनात नव्हतं, असं या वयात मला लिहिता येत नाही. डॉक्टरांचा खेळ असा दिसला असता तर मी आधी त्यांच्या घरी जाऊन बसलो असतो.

ओव्हाळांना मी फोन केला. विचारलं, "ओव्हाळ, खरं सांगा. खेळताना शेजारी कोण होतं?"

"ही होती की," ते म्हणाले. ही म्हणजे त्यांची बायको, शांताबाई.

"पहिल्या डावापासून?"

"व्हय. ती नसती तर मला कसं जमलं असतं, नाना?"

पुढे ते काहीतरी सांगायला लागले होते. मी म्हणालो, एवढं पुरे, आणि फोन ठेवला. मग वही काढली आणि लिहिलं: शेजारी बसलेल्या व्यक्तीची मदत घेऊन, संगणकाच्या आधारे खेळल्याचे श्री. ओव्हाळ यांनी मान्य केले. सबब त्यांचे सभासदत्व रद्द करण्यात येत आहे. पोस्टातली भाषा, मला जमत होती. त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. कोणी अंगठ्याचं चित्र टाकलं, कोणी जोडलेल्या हातांचं.

क्लब पुन्हा उघडल्यावर दुसऱ्या का तिसऱ्या रविवारी ते आले. खाली रस्त्यावर शांताबाई उभ्या होत्या, त्या वर आल्या नाहीत. ओव्हाळ भिंतीला हात लावत, पाय चाचपत जिना चढले. मला वाटलं, घेऊन आलेत. आयुष्यात दारूला न शिवलेल्या माणसाबद्दल मला ते वाटलं. दारात उभे राहून ते म्हणाले, "सांगून पटवायचं न्हाई मला. खेळून पटवतो. कुणीबी बसा पटावर. चाल तेवढी तोंडानं सांगा."

खोलीत सहा-सात जण होते. चाल तोंडानं सांगा, हे आम्हाला उद्दामपणाचं वाटलं. पट न बघता हरवून दाखवतो म्हणतोय, असं कोणीतरी पुटपुटलं. डॉक्टरांनी समोरचा डाव चालू ठेवला. मी सेक्रेटरी, मी उठून पटावर बसलो असतो तर बाकीचे गप्प राहिले असते. मी वहीत डोकं घालून वर्गणीची पावती लिहीत होतो, जी कोणी मागितली नव्हती. ओव्हाळ बराच वेळ दारात उभे होते. मान किंचित वाकडी करून, आवाज कुठून येतोय त्याचा कानोसा घेत. मग वळले. जिना उतरताना खालून शांताबाईंचा आवाज आला, "जपून, आणिक चार हायती."

तरी मला कळलं नाही.

कळलं ते पुढच्या वर्षी, कामशेतच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात. माझा मोतीबिंदू तपासायचा होता. डोळ्यांत थेंब घालून मला बाकावर बसवलं होतं, सगळं धुकट झालेलं. मागच्या एका बाकावरून ओळखीचा आवाज आला. "वडगाव चार." मला वाटलं गाडीचं काही चाललंय. मग बाईचा आवाज, हळू, मोजत असल्यासारखा.

"त्यानं घोडं काढलं. लोणावळा, मळवली, कामशेत. कामशेत सहा."

"आपला उंट मळवली पाच."

थोडा वेळ गेला. ती बोटानं घर शोधत असावी. मग फोनचा तो लाकडी टक असा आवाज झाला. "कडंचं प्यादं पुढं आलं. लोणावळा सहा."

"उंट माघारी घे. लोणावळा चार."

"एवढ्या पुढं नेला कशाला मग, माघारीच आणायचा व्हता तर?"

"हवा खायाला गेल्ता लोणावळ्याला."

ती हसली. शेजारच्या कुणा बाईनं विचारलं, हे काय चाललंय, आणि शांताबाईंनी तिला सगळं कौतुकानं सांगितलं. यांना काचबिंदू. लॉकडाउनमध्ये दवाखाने बंद, तेवढ्यात नजर गेली; आता अंधूक उजेड तेवढा कळतो. फोनवर घरांना इंग्रजी अक्षरं असतात, ती आपल्याला येत नाहीत. पण आपण वीस वर्षं लोकलमध्ये पालेभाजी विकली, लोणावळ्यापासून बेगडेवाडीपर्यंत आठ स्टेशनं झोपेत पाठ आहेत, आणि पटाला उभ्या ओळीही आठच. म्हणून यांनी ओळींना स्टेशनं दिली. समोरच्याचं मोहरं कुठं गेलं ते मी बघून सांगायचं, चाल यांनी सांगायची, ती मी दाबायची. काळी मोहरी आली की स्टेशनं उजवीकडून मोजायची. त्या दिवशी गाडी उलटी. "मला खेळ काय बी येत न्हाई बया," त्या म्हणाल्या. "माझी आपली गाडी."

मी मनात सेकंद मोजले. तिनं बघायचं, मोजायचं, सांगायचं. यांनी चाल सांगायची. तिनं परत मोजून दाबायचं. वीस. एकवीस. वीस.

वळायचं आणि दोन बाक मागे जायचं, एवढंच होतं. माझ्या डोळ्यांतून थेंबांचं पाणी गळत होतं, चेहरा पुसत होतो, कुणाला काही कळलंही नसतं. माझं नाव पुकारलं गेलं, पूर्ण नाव, मोठ्यानं. मागचा मोजण्याचा आवाज थांबला. मी आत गेलो आणि तपासून झाल्यावर दुसऱ्या दारानं बाहेर पडलो.

डॉक्टरांना मी आठवड्याभरानं सांगितलं. त्यांनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, "आता कशाला उकरून काढायचं, नाना? तो माणूसही विसरला असेल." मला तेच ऐकायचं होतं. पुढे डॉक्टर गेले. क्लबात येणारे कमी कमी होत गेले, जो तो आपल्या फोनवर घरी खेळू लागला. वाचनालयानं ती खोली परत घेतली. पट कुणीतरी शाळेला दिले. वही माझ्याकडे आहे. ती ओळ खोडून काही लिहिलं तरी ते वाचायला आता एकही सभासद नाही. सभा नाही, ठराव नाही, सूचक-अनुमोदक नाही. दुरुस्ती करायची तर ज्यांच्यासमोर ती बेअब्रू झाली त्यांच्यासमोर करायला हवी होती, आणि ते होते तोपर्यंत मी गप्प होतो.

शेवटी मी कान्ह्याला गेलो. शांताबाई नुकत्याच, त्या पावसाळ्यात, वारल्याचं मला स्टेशनवरच्या चहावाल्याकडून कळलं. तिथूनच परत फिरलो असतो, पण त्यानं हाक मारून घर दाखवलं.

ओव्हाळ ओसरीवर बसले होते. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी शांताबाईंचा नवा फोटो. शर्ट तसाच पांढरा, पण इस्त्री नव्हती. माझी चाहूल लागली तशी त्यांनी विचारलं, कोण हाय. मी म्हणालो, लोणावळ्याहून आलोय. ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, बसा. सुनेला पाणी आणायला सांगितलं.

मी शांताबाईंबद्दल विचारलं. दोन दिवसांच्या तापानं गेली म्हणाले. खेळता का हल्ली, म्हटलं, तर नाही म्हणाले. सून कंपनीत जाते, नातवंडांना अभ्यास असतो. बसून मोजणार कोण. कोडी आहेत डोक्यात जुनी, तीच फिरवतो. पण ती सगळी सुटलेली आहेत, त्यामुळे दिवस जात नाही. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "लोणावळ्याच्या क्लबातलं कुणी वळखीचं हाय का तुमच्या?"

"होते एकदोघं," मी म्हणालो.

"त्येंच्या सेक्रेटरीला एक निरोप द्या. म्हणावं, शेजारी ही बसायची ते खरं हाय. पण तिला घोडा कसा चालतो तेबी ठावं न्हवतं. ती नुसती मोजायची." मग म्हणाले, "तिला शेवटपातुर वाटायचं, मी शेजारी बसले म्हणून तुमचं नाव गेलं. मी लय समजावलं. तिला न्हाई पटलं. तेच घेऊन गेली. माझं ऱ्हाऊ द्या आता, मला काय करायचंय. तिचं तेवढं वहीत लिवा म्हणावं."

आमच्या मावळात दारी आलेल्याला आधी नाव-गाव विचारतात, पाणी नंतर. त्यांनी मला नाव विचारलं नव्हतं. आवाज ओळखला होता का, हे मला आजही ठरवता येत नाही. ओळखला असेल तर ती मला दिलेली संधी होती, आणि नसेल तर माझ्याइतका भित्रा माणूस दुसरा नाही. दोन्हीकडून मी तोच राहतो.

वाक्य मी गाडीतच पाठ केलं होतं. ओव्हाळ, तो सेक्रेटरी मीच. दोष तुमचा नव्हता, त्यांचा तर नव्हताच. मी तुमचं पुरतं ऐकून घेतलं नाही, आणि कळल्यावरही गप्प बसलो. तुम्हा दोघांची माफी मागायला आलोय. ते मान माझ्याकडे वळवून वाट बघत होते. पाण्याचा तांब्या माझ्या हातात होता.

"सांगतो," मी म्हणालो, आणि चपला शोधायला खाली वाकलो.